माकडांचा वाटा

सोनारीत भरदिवसाही दाराला कडी लावलेली दिसते, ती माकडांमुळे. चोराचं भय रात्रीचं, माकडाचं दिवसाचं. नवी सून घरात आली की सासू तिला चूल-रांजण दाखवायच्या आधी कडी दाखवते, अशी आमच्याकडं चेष्टा करतात. उन्हाळ्यात पापड, कुरडया, शेवया वाळत घातल्या की बाजेवर काठी घेऊन एक पोर राखणीला बसवावं लागतं. ते पोर जरा पेंगलं, की पत्र्यावरून एक सावली उतरते आणि चार कुरडया कमी होतात. मग आरडाओरडा होतो, काठी आपटली जाते. माकड पत्र्यावर बसून निवांत कुरडई खातं आणि खाली बायका हसत, शिव्या देत, उरलेलं वाळवण आत नेतात.

काठी आपटायची, पण मारायची नाही, हा गावचा नियम. तो कुठं लिहिलेला नाही आणि कुणी कुणाला बसवून शिकवलेलाही नाही. लहानपणी माझ्या हातून एखादा खडा जोरात गेला तर रस्त्यानं चाललेलं कुणीही माणूस दरडावायचं, "आरं ये, देवाचं हाय त्ये!" तेवढं पुरायचं.

देव म्हणजे काळभैरवनाथ. परांडा तालुक्यातलं आमचं हे गाव त्याच्याच नावानं ओळखलं जातं. लांबलांबच्या घरांचं हे कुलदैवत, त्यामुळं बारा महिने माणसांची ये-जा. चैत्रातल्या यात्रेला तर पाय ठेवायला जागा नसते, रथ निघतो, 'चांगभलं'चा गजर होतो. आलेली माणसं नारळ फोडतात, नैवेद्य दाखवतात आणि परत जाऊन देवाइतकंच माकडांबद्दल बोलतात. कुणाच्या हातातली पिशवी ओढली, कुणाचं केळ नेलं, कुणाच्या पोराच्या हातातून पेढा नेला.

आता गंमत अशी, की काळभैरवाचं वाहन कुत्रा. शास्त्रच बघायचं तर मान कुत्र्याला मिळायला हवा. माकडांचं नातं मारुतीशी. तरी आमच्या गावात कुत्र्याला कुणीही दगड घालतं आणि माकडाला कुणी घालत नाही. म्हणजे 'देवाचं हाय' हे उत्तर पुरतं खरं नव्हे. कधीतरी कुणीतरी ह्या जनावरांना गावात राहू दिलं, पुढच्यांनी ते चालू ठेवलं, आणि सोसायची सवय होऊन बसली. कारण मागाहून देवाचं लावलं असावं, असं मला वाटतं. देवाचं नाव लावलं की सवयीला बळ येतं.

ह्या गोष्टीकडं मी नीट बघायला लागलो ते मात्र गावात नव्हे, सोलापूरला.

2009 सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची सगळी सोलापूरला गेलो होतो. बायको, दोन पोरं आणि आई. पोरांना प्राणिसंग्रहालय बघायचं होतं. आईला सिद्धेश्वराचं दर्शन घ्यायचं होतं, बायकोला चादरी घ्यायच्या होत्या. परांड्याहून बार्शी, बार्शीच्या स्टँडवर गाडी बदलून सोलापूर. गाडीत खिडकीसाठी पोरांची मारामारी, आईच्या पिशवीत भाकरी, शेंगाची चटणी आणि फुटाणे. कुठल्याही घरची सहल असते तशी.

वैराग गेलं, नान्नज आलं. नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे. 1979 साली ते जाहीर झालं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली मिळून 8,496 चौरस किलोमीटर जमीन तेव्हा कागदोपत्री ह्या पक्ष्याच्या नावानं होती, आणि त्यात गावंच्या गावं, शेतंच्या शेतं आलेली. पोरांना मी म्हणालो, "बाहेर बघा, हितं माळढोक असतो." पोरांनी बघितलं. बाहेर गवताचा माळ, ज्वारीची शेतं आणि दोन बाभळी. पक्षी काही दिसला नाही. शेजारी बसलेले एक वडाळ्याकडचे गृहस्थ म्हणाले, "माळावर दिसत न्हाई पावणं, पन आमच्या सातबाऱ्यावर बसलाय त्यो." जमीन विकायची म्हटली, विहीर-रस्त्याचं काम काढायचं म्हटलं, की अभयारण्याची अट आडवी येई, अशी त्या भागातल्या शेतकऱ्यांची तक्रार होती. पुढं हे क्षेत्र कमी करून 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर पक्षीही जवळजवळ दिसेनासा झाला होता. गृहस्थांचं बोलणं मी त्या वेळी हसण्यावारी नेलं, पण ते डोक्यात राहिलं.

सोलापूरचं महात्मा गांधी प्राणिसंग्रहालय महापालिकेचं होतं, विजापूर रस्त्याला, तळ्याजवळ. फार मोठं नव्हतं. लहान शहराच्या ऐपतीतलं. तिकीट काढून आत गेलो. पोरं मगरीपाशी अडकली. मगर हलेना आणि पोरं तिथून हलेनात. "मेलीय का वो पप्पा?" असं पाच वेळा विचारून झालं. मग हरणं बघितली, पक्षी बघितले, आणि माकडांच्या पिंजऱ्यापाशी आलो. शहरातली लेकरं तिथं गर्दी करून उभी, टाळ्या वाजवत, 'हूप हूप' करत. आमच्या पोरांनी एकदा बघितलं आणि म्हणाली, "ही तर माकडं हायती." आणि पुढं निघाली. गावाकडची पोरं पैसे देऊन माकडं कशाला बघतील!

आई मात्र तिथं थांबली. सत्तरीची बाई, जन्म सगळा माकडांवर ओरडण्यात गेलेला. ती जाळीला जवळजवळ नाक लावून उभी राहिली. तिथं एक कामगार झाडलोट करत होता, त्याला तिनं विचारलं, "लेकरा, ह्यानला खायाला कवा देता?"

"ठरल्या वेळेला आजी. फळं, भाजी, हरभरं."

"रोज?"

"रोज."

"आन् आजारी पडलं तर?"

"डॉक्टर येतो की."

आई माझ्याकडं वळून म्हणाली, "आपल्या गावच्यापरीस ह्यानचं बरं हाय मग." आणि पदराची गाठ सोडून फुटाणे काढायला लागली. कामगारानं हात जोडले. "आजी, टाकू नका. पाटी लावलीय बघा. दंड हुतोय. आन् कुनी काय बी टाकतं, मग ही आजारी पडत्यात." आईनं फुटाणे परत गाठीला बांधले. जराशानं म्हणाली, "बघ, आपल्याकडं टाकलं तर पुन्न लागतं, हितं टाकलं तर दंड."

मग पुन्हा पिंजऱ्याकडं बघत राहिली. "पर एक हाय. ह्यो हाताकडं बघंना."

तेव्हा माझ्याही ध्यानात आलं. सोनारीत माकड माणसाच्या तोंडाकडं बघत नाही, हाताकडं बघतं. हातात पिशवी आहे का काठी आहे, ह्यावर त्याचं सगळं अवलंबून. इथलं माकड आमच्या कुणाच्याच हाताकडं बघत नव्हतं. आमच्या डोक्यावरून पलीकडं कुठंतरी बघत बसलं होतं. आमच्यापासून त्याला मिळायचंही काही नव्हतं आणि भ्यायचंही काही नव्हतं.

बाहेर पडताना आठ वर्षांच्या पोरीनं विचारलं, "पप्पा, तिकिटाचं पैसं माकडाला देत्यात का?" मी म्हणालो, त्याच्या खाण्यालाच लागतात. त्यावर तिचं समाधान झालं. मग सिद्धेश्वराचं दर्शन झालं, चादरी झाल्या, शेंगाचटणीचा पुडा झाला, आणि रात्री उशिरा आम्ही गावी आलो. आईचं आणि पोरीचं बोलणं मात्र पुढं कितीतरी वर्षं मनात घोळत राहिलं.

एकच कृती. मूठभर फुटाणे जनावरापुढं टाकायचे. एका गावात ते पुण्य, नव्वद-शंभर किलोमीटरवर गुन्हा. दोन्हींतलं खरं कोणतं?

कायद्याचं बोलणं स्पष्ट आहे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा सांगतो, की प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला छेडायचं नाही, इजा करायची नाही आणि खायलाही घालायचं नाही. छेडणं आणि खायला घालणं एकाच ओळीत ठेवलंय, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं. पण जनावराच्या बाजूनं बघितलं तर दोन्हींत माणसाचा हातच आहे. आपल्या मौजेसाठी आत गेलेला हात. 1992 साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं, पिंजरे किती मोठे हवेत, डॉक्टर हवा, ह्याचे नियम आले. त्याआधी प्राणी ठेवणं ही बहुतेक हौसच होती. सवाई माधवराव पेशव्यांचा पर्वतीच्या पायथ्याला शिकारखाना होता. मुंबईची राणीची बाग 1862 साली लोकांना खुली झाली, तिथं पुढं प्राणी आले. पुण्यात 1953 साली पेशवे पार्क झालं. राजाची हौस होती ती रयतेला तिकिटात मिळायला लागली, एवढाच फरक बराच काळ होता.

तरी पिंजरा म्हणजे दुष्टपणा आणि गाव म्हणजे दया, असं म्हणून मोकळं होता येत नाही. गावाकडच्या आम्हाला ते म्हणायला बरं वाटतं. पण नान्नजच्या माळावरून नाहीसा झालेला पक्षी बघा. तो आज देशात उरलाय मुख्यतः राजस्थानात, तोही थोडका. 2019 पासून तिथं रानातली अंडी उचलून जैसलमेरकडच्या केंद्रांत पिल्लं वाढवतात. म्हणजे आमच्या मोकळ्या माळानं जे राखलं नाही, ते आता बंद जागेत राखायची धडपड चाललीय. तिथं कुणी मौजेनं बघायला जात नाही. पिल्लं वाढावीत, त्यांची पुढची पिढी पुन्हा माळावर जावी म्हणून तो खटाटोप. अशा पिंजऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

आणि मोकळं असणं म्हणजे काय, हे आम्हाला 2020 साली कळलं.

मार्चअखेर टाळेबंदी लागली. देऊळ बंद झालं. त्या वर्षी चैत्रातली यात्रा झाली नाही. नारळ नाही, केळी नाहीत, पेढे नाहीत, पिशव्या नाहीत. पहिले चार दिवस माकडं देवळाच्या पायऱ्यांवर येऊन बसायची आणि रस्त्याकडं बघायची. रस्ता मोकळा. मग ती गावात शिरली. आधीही शिरायची, पण त्यात खोडी असायची. आता खोडी नव्हती, भूक होती. एका दुपारी आमच्या परसात एक मादी आली, पोटाला पिल्लू. मी काठी आपटली तर ती हलली नाही. तिनं माझ्या हाताकडं बघितलं आणि तशीच बसून राहिली. काठीला न भिणारं माकड मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

गावानं जमेल तसं केलं. घराघरातून भाकरीचे तुकडे, कुणी टोपलीभर शेंगा, कुणी नासकी केळी. स्वतःचीच कामं बुडालेली माणसं हे करत होती. 16 नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, राज्यातली देवळं उघडली. पुढच्या एप्रिलात पुन्हा बंद झाली, ती घटस्थापनेला, 7 ऑक्टोबर 2021 ला उघडली.

त्या काळात मला सोलापूरचा तो झाडणारा कामगार आठवायचा. प्राणिसंग्रहालयंही तेव्हा लोकांना बंदच होती. पण आतल्या जनावराला कुणीतरी ठरल्या वेळेला हरभरे घालत असणार, कारण ते कुणाचं तरी ठरलेलं काम होतं. आमची माकडं मोकळी होती आणि उपाशी होती. त्यांच्या गळ्यात साखळी नव्हती, पण पिढ्यान्‌पिढ्या आमच्या हातानं खाऊन त्यांची रानात चरायची सवय गेली होती. जाळी नसलेला हाही एक प्रकारचा पिंजराच. फरक एवढाच, की जाळीच्या पिंजऱ्याची जबाबदारी कुणीतरी घेतलेली असते आणि ह्याची कुणीच घेतलेली नसते. भाविक बिस्किटाचा पुडा फोडतो, फोटो काढतो, पुण्य घेऊन जातो. संध्याकाळी माकडाला भूक लागते तेव्हा तो आपल्या घरी पोचलेला असतो.

खरं सांगायचं तर बिस्किट टाकणारा भाविक आणि तिकीट काढून 'हूप हूप' करणारं पोर, दोघंही बघेच. दोघांचंही माकडावाचून काही अडत नाही आणि माकडापायी काही जातही नाही. जातं ते दुसऱ्याच कुणाचं.

आमच्या गावात देवळापासून जवळ एका बाईचा जमिनीचा तुकडा आहे. नवरा वारलेला, पोरगा पुण्याला. अर्ध्या-पाऊण एकरात ती एकटी खपते. भुईमूग लावायचा तिनं केव्हाच सोडला, कारण आरा धरल्या की माकडं उपटतात. हरभऱ्याचे घाटे भरले की तेच. भाजीपाला तर बोलायलाच नको. तिनं कधी माकडाला दगड मारल्याचं मी बघितलं नाही. सकाळी देवळापुढून जाताना ती हात जोडते आणि शेतात जाऊन डबा बडवत बसते.

टाळेबंदीनंतर एकदा पारावर हा विषय निघाला. एक तरुण गडी तावातावानं म्हणाला, "धरा आन् सोडा की रानात. कोकणात लोकं मागणी करत्यात, मग आपण कामून न्हाई?" कोकणातल्या बागायतदारांचं माकडांपायी होणारं नुकसान पेपरात येत असतं, ते त्यानं वाचलेलं. लगेच दोन-चार म्हातारे अंगावर आले. "देवाची जनावरं धरतूस व्हय रं?" ह्या म्हाताऱ्यांपैकी एकाचंही शेत देवळाजवळ नव्हतं. त्या गड्यानं नेमकं ते ओळखलं. तो म्हणाला, "तात्या, देव तुमचा आन् भुईमूग तिचा व्हय?"

पारावर कुणाला उत्तर सुचलं नाही. मलाही नाही. माझ्या मनात ह्या सगळ्या प्रकरणाचा गाभा त्या एका वाक्यात आहे. आपण प्राण्यांवर दया करावी का, हा प्रश्न सोपा आहे. करावी, असं कुणीही म्हणेल. अवघड प्रश्न असा, की ती दया कुणाच्या खिशातून करायची. सोसणं हा मोठा गुण आहे, पण सोसायला दुसऱ्याला लावून गुण आपल्या नावावर कसा घेता येईल? नान्नजच्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर पक्षी बसला होता. पक्षी वाचावा असं वाटणारी माणसं लांब शहरांत होती. आमच्या गावातली बाई भुईमूग सोडते आणि पुण्य बाहेरगावच्या गाडीतून निघून जातं.

ह्याचं उत्तर मला आमच्याच जिल्ह्यात सापडलं. धाराशिवजवळचं उपळा. आजूबाजूचे लोक त्याला माकडाचं उपळं म्हणतात. 2022 साली ह्या गावाची बातमी देशभर गेली, ती अशी की गावच्या जमिनीच्या कागदपत्रांत 32 एकर जमीन माकडांच्या नावावर आहे. कुणी आणि केव्हा ती नोंद केली, ते गावातल्यांनाही सांगता येत नाही. पूर्वी तिथं लग्नकार्यात आधी माकडांना मान द्यायचे, मग कार्य सुरू व्हायचं. दारी माकड आलं तर कुणी हाकलत नाही, असंही तिथले लोक सांगतात. शहरातल्या पेपरांनी ही बातमी गमतीची म्हणून छापली. माणसाला गुंठा मिळेना आणि माकडाला 32 एकर!

मला ती गमतीची वाटली नाही. ज्या कुणी जुन्या माणसानं ती नोंद केली, त्याला आमच्या पारावरच्या गड्याचा प्रश्न आधीच पडलेला असणार. माकडं गावात राहायची तर ती खाणार. खाणार तर कुणाचं तरी खाणार. मग ते एखाद्या बाईच्या अर्ध्या एकरातून जाण्यापेक्षा त्यांचा वाटा काढून ठेवावा. घरात भाऊ वाढला की आपण वाटा काढतोच ना? वाटणीत कुरकूर असते, पण एकदा वाटा ठरला की कुणा एकाच्या ताटातून घास जात नाही. त्या 32 एकरांत आज माकडं किती चरतात, ते मला ठाऊक नाही आणि माझ्या मुद्द्याला त्याची गरजही नाही. दयेचा हिशेब कागदावर मांडायचं धाडस कुणीतरी केलं, हे मला मोठं वाटतं.

ह्या कसोटीवर मी मग सगळंच घासून बघायला लागलो. 2024 च्या डिसेंबरात येडशीच्या रामलिंग अभयारण्यात वाघ दिसला. यवतमाळकडच्या टिपेश्वरहून सुमारे 500 किलोमीटर चालत आलेला. आमच्या जिल्ह्यात वाघ! येडशीचं रान ते केवढं, जेमतेम 22 चौरस किलोमीटर. पहिले काही दिवस जो तो मोबाइलवर त्याचा फोटो दाखवत होता. आमच्या गावातलीही पोरं म्हणायची, जाऊन बघू या. मग बार्शीकडं, धाराशिवकडं गुरं मारल्याच्या बातम्या यायला लागल्या. रात्रीचं पाणी धरायला जाणारी माणसं घाबरली. मग सगळ्यांचं एकच, "धरा त्याला." वनखात्याची पथकं आली, पिंजरे-बंदुका आल्या, वाघ काही पहिल्या झटक्यात हाती लागला नाही.

'धरा' म्हणणाऱ्या शेतकऱ्याला मी निर्दय म्हणणार नाही. गाय त्याची गेलेली असते. नुकसानभरपाई आहे, पण पंचनाम्यासाठी हेलपाटे त्यालाच घालावे लागतात. आणि 'राहू द्या की बिचाऱ्याला' म्हणणाऱ्या शहरातल्या माणसाला मी लगेच दयाळू म्हणणार नाही. त्याला एवढंच विचारीन, की तुमचा वाटा किती? वाघ हवा असेल तर गाईचे पैसे महिन्याच्या आत, हेलपाट्याशिवाय शेतकऱ्याच्या हातात पडतील, इतकं तुम्ही तुमच्या सरकारला सांगाल का?

सोनारीबद्दल माझं म्हणणं असंच साधं आहे. माकडं राहावीत. ती गेली तर आमचं गाव गाव वाटणार नाही, आणि आता त्यांना रानात नेऊन सोडणं म्हणजे हातावर वाढवलेल्याला उपाशी मारणं. पण मग त्यांच्या खाण्याची सोय ठरल्या वेळेला, ठरल्या जागी, सगळ्यांच्या पैशातून व्हावी. बिस्किटं बंद व्हावीत, शेंगा-हरभरे-फळं यावीत. गावापासून जरा लांब उंबर, चिंच, जांभूळ, बोर अशी झाडं लावावीत आणि ती जगवावीत. भाविकानं नारळासोबत माकडांच्या नावानंही काही द्यावं. आणि त्यातून देवळाजवळच्या शेतांना कुंपण व्हावं, गेलेल्या पिकाचं थोडं तरी भरून मिळावं. सोलापूरला पोरीनं विचारलं होतं, तिकिटाचे पैसे माकडाला देतात का. तो प्रश्न पिंजऱ्यापेक्षा आमच्या मोकळ्या गावाला जास्त लागू पडतो. पिंजऱ्यापाशी निदान तिकीट तरी असतं.

हे बोललो की काही जण म्हणतात, देवाच्या कामात हिशेब कशाला आणता? मला वाटतं, हिशेब न करता चाललेलं पुण्य बहुतेक वेळा गरिबाच्या नावे उधार पडलेलं असतं. तो मागत नाही म्हणून ते फिटलं असं होत नाही.

आई आता नाही. ती बाई आहे. ह्या साली तिनं त्या तुकड्यात करडई टाकलीय. करडईला काटा असतो, माकड सहसा तोंड लावत नाही. भुईमुगाइतके पैसे त्यात होत नाहीत. किती कमी होतात ते मी तिला विचारलं, तेव्हा तिनं बोटांवर मोजून आकडा सांगितला. गावानं तो एकदा ऐकून घ्यायला पाहिजे.